चार इंची करवत आणि सव्वाशे वर्षांचा शिंपला: आठ महिने वापरल्यानंतर

ही करवत विकली जाते ती खडे कापणाऱ्या हौशी लोकांसाठी. अकीक, स्फटिक, रंगीत दगड वगैरे. मी ती घेतली समुद्रातल्या शिंपल्यांचं वय मोजायला. गेल्या सप्टेंबरपासून मेपर्यंत तिच्यावर एकोणीस शिंपले कापले. त्यातले पाच वाया गेले. एवढ्या वापरानंतर जे मत झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण घेण्याआधी मी शोधलं तेव्हा या कामासाठी ही करवत वापरलेलं कुणीच सापडलं नव्हतं.

आधी वस्तू कशी आहे ते. शिलाई मशीनच्या डोक्याएवढी, टेबलावर मावणारी. चार इंची गोल पातं, काठाला हिऱ्याची पूड बसवलेली. पात्याचा खालचा भाग पाण्याच्या ट्रेमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे फिरताना ते आपोआप ओलं राहतं. वेग कमी-जास्त करायला एक खुंटी. टपालखर्चासकट २४० डॉलर पडले. नाव देत नाही, कारण हेच यंत्र, हाच निळा रंग, हीच खुंटी मी तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला पाहिली आहे.

मी रत्नागिरीला महाविद्यालयात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने लेकीकडे असते, मॅसॅच्युसेट्समध्ये, न्यू बेडफर्ड बंदराच्या जवळ. इथे पुष्कळ घरांच्या दारापर्यंतच्या वाटेवर खडीऐवजी शिंपले पसरलेले असतात. गाडी वळली की खालून कुरकुर आवाज येतो. पहिल्याच दिवशी मी त्या वाटेवर वाकून बघत बसले, तर लेक म्हणाली, "आई, आधी चहा तरी घे." आमच्याकडे खाडीकाठी शिंपले जातात चुन्याच्या भट्टीत. इथे ते गाडीखाली जातात. त्या ढिगात एक न फुटलेली शिंपी मिळाली, गोलसर, जाड, तळव्याएवढी. कडेला काळपट तपकिरी सालीचे पापुद्रे अजून चिकटलेले होते. ती आर्क्टिका आयलँडिका निघाली. इंग्रजीत तिला ओशन क्वाहॉग म्हणतात, आणि सालीच्या रंगावरून काहीजण नुसतं महॉगनी म्हणतात.

हा प्राणी माहीत नसेल तर करवतीचं कौतुकही कळणार नाही आणि तक्रारही, म्हणून थोडं थांबते. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात, वाळूत पुरून राहणारा हा द्विपुट, म्हणजे दोन शिंपांचा, प्राणी. इथून आइसलंड, नॉर्वे, ब्रिटनपर्यंत सापडतो. २००६ साली आइसलंडच्या उत्तरेला, ग्रिमसे बेटाजवळ, वेल्समधल्या बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी गोळा केलेल्या शिंपल्यांत एक असा निघाला की आधी त्याचं वय चारशे पाच ते चारशे दहा मोजलं गेलं. २०१३ मध्ये फेरमोजणी झाली आणि ते ५०७ ठरलं. म्हणजे जन्म १४९९चा. वास्को द गामा कालिकतला उतरला त्याच्या पुढच्या वर्षी हा प्राणी वाळूत रुजला, आणि आपण त्याला बाहेर काढेपर्यंत तिथेच होता. चीनच्या मिंग घराण्यावरून त्याचं नाव मिंग पडलं. आइसलंडमध्ये त्याला हाफरून म्हणतात.

वय मोजायला शिंपला कापावाच लागतो. झाडाच्या खोडासारखंच हे आहे, पण त्याहून अवघड. बाहेरून रेषा दिसतात, पण त्या फक्त तरुणपणीच्या. पहिली वीसेक वर्षं हा प्राणी भराभर वाढतो, नंतर अगदी हळू. शेवटच्या पन्नास-साठ रेषा कडेच्या काही मिलिमीटरमध्ये दाटीवाटीने बसलेल्या असतात, आणि वरून ती काळी साल. माझ्या त्या पहिल्या शिंपीवर मी भिंगाने चाळीसपर्यंत मोजलं आणि पुढे काही सुटं दिसेना. म्हणून चोचीसारख्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत, वाढीच्या रेषांना काटकोनात, एक सरळ काप घ्यायचा आणि छेद बघायचा. प्रयोगशाळांत यासाठी ब्यूलर कंपनीची आयसोमेट नावाची करवत वापरतात. ती मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आतच फिरते, नमुना धरायला वजन लावलेला हात असतो, आणि काप कुठे घ्यायचा ते मायक्रोमीटरने ठरवता येतं. ती घेणं मला शक्य नव्हतं.

तर माझी करवत. पहिला मुद्दा वेगाचा. सगळ्यात कमी वेगावरही ती आयसोमेटपेक्षा कितीतरी जोरात फिरते. दगडाला चालतं. शिंपल्याला पूर्ण चालत नाही, कारण कडेचा शेवटचा भाग ठिसूळ असतो आणि जोरात फिरणारं पातं तिथे कपचे उडवतं. उडालेला कपचा एक मिलिमीटरचा असला तरी म्हाताऱ्या शिंपल्यात तेवढ्यात दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात. पहिले दोन शिंपले मी असेच घालवले. काप दिसायला गुळगुळीत, आणि कड मात्र कुरतडलेली. यावर उपाय म्हणजे कापण्याआधी शिंपल्यावर इपॉक्सीचा जाड थर चढवायचा. अराल्डाइटच्या जातीचीच दोन भागांची, पण पातळ आणि सावकाश सुकणारी. ती एक रात्र आणि वर एक दिवस सुकू दिली की कड उडत नाही. पाच मिनिटांत सुकणारी वापरू नका. ती आतून चिवट राहते आणि पात्याला घासली की मऊ पडून रेषांवर माखते. तिसरा शिंपला त्यात गेला.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. यंत्राबरोबर नमुना धरायला काहीच येत नाही. खडे कापणारे दगड हाताने ढकलतात. शिंपला हाताने ढकलला तर काप सरळ येत नाही, किंचित वाकडा येतो, आणि वाकडा काप म्हणजे रेषा तिरप्या कापल्या जाणं. त्या फाकलेल्या, पुसट दिसतात, आणि दोन जवळच्या रेषा एक होऊन जातात. त्याहून वाईट म्हणजे काप टोकापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला गेला तर बिजागरीचा दात चुकतो. दोन शिंपा जिथे एकमेकींत अडकतात तिथला तो दात. बाहेरची चोच वाळूत घासून झिजते, तिथली पहिली काही वर्षं पुसली जातात. पण दातात जन्मापासूनच्या सगळ्या रेषा सुरक्षित असतात, फक्त फार लहान जागेत. चौथा आणि पाचवा शिंपला असे गेले.

मग जावयाने एक शनिवार घालून धरणी बनवली. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरची जुनी सरकपट्टी, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर दोन स्क्रू. शिंपला इपॉक्सीने ठोकळ्याला चिकटवायचा. पुढे दोरी, दोरी कप्पीवरून खाली, आणि टोकाला वाळूची पिशवी. हात लावायचा नाही. पिशवीचं वजन शिंपल्याला पात्याकडे ओढतं. दोनशे ग्रॅमला काप घाईने झाला, दीडशेला बरोबर. आर्क्टिकाच्या एका शिंपीला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ मी पलीकडे पुस्तक वाचत बसते आणि आवाजावर कान ठेवते. सहाव्या शिंपल्यापासून एकही काप वाया गेला नाही. म्हणून ज्याला सरकपट्टी जोडता येणार नाही किंवा जोडून देणारं कुणी नाही, त्याने ही करवत या कामासाठी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बरोबर आलेलं पातं जाड आहे आणि काठावर खाचा आहेत. ते काढून ठेवा. अखंड काठाचं, पातळ पातं वेगळं मागवा. मला ३८ डॉलरना मिळालं. बदलल्यावर फरक एवढा पडला की घासण्याचं काम निम्म्यावर आलं. पातं बसवताना वॉशर नीट पुसा. माझं पातं पहिल्या दिवशी डगमगत होतं, कारण वॉशरखाली कारखान्यातलं ग्रीस आणि एक बारीक धातूचा कण राहिला होता.

पाण्याबद्दल. ट्रेला गंज लागतो. महिन्याभरात तळाला तांबूस डाग आले. काम झालं की पाणी ओतून टाकावं आणि ट्रे कोरडा करून ठेवावा. त्या पाण्यात शिंपल्याची पांढरी गाळ बसते, अगदी विरजणाच्या निवळीखाली बसते तशी. ती सुकली की भुकटी होते आणि छातीत जाते. कोरडं कधीच कापायचं नाही, आणि ट्रे पुसतानाही तोंडाला मास्क लावायचा. कॉलेजात मुलांना हे सांगायचे तेवढंच कडकपणे इथेही सांगते.

करवतीचं काम इथे संपतं. पण नुसत्या कापात रेषा दिसत नाहीत, म्हणून पुढचं सांगितल्याशिवाय हिची परीक्षाच होत नाही. काप ओल्या पॉलिश पेपरवर घासायचा: ४००, ६००, ८००, १२००, मग काचेवर अगदी बारीक पूड. आरशासारखा झाला की सौम्य आम्लात बुडवायचा. प्रयोगशाळेत फार सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मिनिट-दीड मिनिट ठेवतात. मी स्वयंपाकाचा पांढरा व्हिनेगर पाण्यात निम्मा करून वापरला आणि वेळ तुकड्या-तुकड्यांवर बघून ठरवला. शिंपला सगळा ॲरागोनाइटचा, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेटचा. पण वर्षभरात घातलेल्या पट्ट्यात आणि वर्षाच्या रेषेत स्फटिकांची रचना वेगळी असते, म्हणून आम्ल दोघांना सारखं खात नाही. पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारे उंचवटे तयार होतात. आता त्यावर ॲसिटोनचे थेंब टाकायचे आणि लगेच ॲसिटेटची पारदर्शक पट्टी वरून टेकवायची. पट्टी खालून विरघळून त्या उंचवट्यांत शिरते, अर्ध्या तासात घट्ट होते, आणि एका कोपऱ्यातून सावकाश सोलली की शिंपल्याचा हुबेहूब ठसा तिच्यावर येतो.

ठसा दोन काचांमध्ये दाबून ठेवायचा आणि साध्या, विद्यार्थी वापरतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. शिंपला अपारदर्शक, त्यातून प्रकाश जात नाही. ठशातून जातो. पहिल्यांदा नीट निघालेला ठसा मी भिंगाखाली धरला तेव्हा बारीक काळ्या रेषा, मध्ये मोकळे पट्टे, पुन्हा रेषा, अशी एकामागून एक ओळ दिसली आणि मी लेकीला ऑफिसच्या कॉलमधून उठवून आणलं. एकतीस वर्षं मुलांना शिंपल्याची आकृती फळ्यावर काढून दाखवली होती. त्या आकृतीत वेळ नव्हता.

पट्टी घेताना एक चूक माझी झाली ती तुमची होऊ नये. कॉलेजातल्या ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शक शीट माझ्याकडे उरलेल्या होत्या, त्याच वापरून पाहिल्या. ॲसिटोनने त्यांना काहीच झालं नाही, कारण त्या पॉलिएस्टरच्या. पाकिटावर सेल्युलोज ॲसिटेट लिहिलेलं पाहूनच घ्या. आणि ॲसिटोन उघड्या खिडकीपाशीच वापरा, गॅसपासून लांब.

आता मोजणी. करवत बरोबर कापते की नाही हे शेवटी इथे कळतं. मी बिजागरीच्या दातावर मोजते, मग कडेच्या छेदावर मोजते, आणि माझी नात तिसऱ्यांदा मोजते, माझा आकडा न बघता. ती सातवीत आहे, डोळे माझ्यापेक्षा चांगले. सुरुवातीला ती प्रत्येक ठिकाणी विचारायची, "आजी, ही रेषा की ओरखडा?" ओरखडा सरळ जातो. रेषा शिंपल्याच्या वळणाबरोबर वळते आणि पुढेही सापडते. आता ती विचारत नाही. दहा-दहा रेषांवर फोटोत टिंब ठेवतो. पहिल्या चांगल्या शिंपीवर माझे आकडे आले दातावर ११२ आणि कडेवर ११९. नातीचा १२१.

दात आणि कड यांत फरक येतो तो नवख्या हातामुळेच असं नाही. मिंगच्या बाबतीत हेच घडलं होतं. पहिली मोजणी बिजागरीच्या भागात केलेली होती, आणि तिथे काही रेषा इतक्या दाटल्या होत्या की सुट्या ओळखता आल्या नव्हत्या. नंतर बाहेरच्या कडेच्या छेदावर मोजल्यावर जवळजवळ शंभर वर्षं वाढली. जगातल्या अनुभवी लोकांकडून दाटीत एवढी वर्षं सुटू शकतात, तर माझ्या करवतीचा काप किती सरळ आहे याची मी काळजी का करते, ते यावरून कळेल.

पण एक रेषा म्हणजे एक वर्ष, हे कशावरून? हा प्रश्न नातीनेच विचारला, आणि तो योग्य आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर वेगवेगळ्या महिन्यांत शिंपले काढून डग्लस जोन्स यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं की रेषा वर्षातून एका ठरावीक काळात, शरद ते हिवाळा अशी पडते. त्याआधी १९७८ मध्ये जॉन रोप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाँग आयलंडच्या दक्षिणेला चाळीस हजारांहून अधिक जिवंत आर्क्टिकांच्या कडेवर खाचा पाडून त्या परत समुद्रात सोडल्या. पन्नासेक मीटर खोल पाण्यात. वर्षाने आणि दोन वर्षांनी त्यातल्या काही पुन्हा हाती लागल्या तेव्हा खाचेनंतर किती रेषा पडल्या ते मोजता आलं. तिसरा पुरावा अणुस्फोटांचा. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या चाचण्यांनी समुद्रात किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि तो शिंपल्यात त्या त्या वर्षाच्या पट्ट्यात बसला. इथून जवळच असलेल्या वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जॉर्जेस बँक या समुद्रातल्या उथळ भागावरच्या आर्क्टिकामधून ही वाढ १९९३ मध्ये मांडली. रेषा चुकीच्या मोजल्या असत्या तर तो चढ भलत्याच वर्षी दिसला असता.

आमच्या वाटेवरच्या शिंपीचं मात्र एक दुखणं होतं. ती किती वर्षं जगली हे कळलं, कधी जगली हे कळेना. समुद्रातून कोणत्या वर्षी काढली, कोणत्या कारखान्यातून वाटेवर आली, कुणालाच माहीत नाही. शेवटची रेषा कोणत्या वर्षाची हे माहीत नसेल तर आधीच्या कुठल्याच रेषेला सन देता येत नाही. संशोधक यावर झाडांच्या वलयांच्या अभ्यासातली रीत वापरतात: रुंद-अरुंद वर्षांचा क्रम एका शिंपल्याचा दुसऱ्याशी जुळवायचा. जिवंत पकडलेल्याला मेलेला जोडायचा, त्याला त्याहून जुना. असं करत बँगरच्या गटाने आइसलंडच्या उत्तरेकडच्या समुद्राची १३५७ वर्षांची अखंड नोंद उभी केली, इसवी सन ६४९ ते २००५. माझ्याकडे तेवढे शिंपले नाहीत. मला जिवंत हवे होते.

ते शेजारच्या आजोबांकडून मिळाले. पोर्तुगीज वंशाचे, तरुणपणी क्लॅमच्या बोटींवर काम केलेले. या बोटी पाण्याचे जोरदार फवारे सोडून वाळू सैल करतात आणि लोखंडी जाळ्याने शिंपले ओढतात. धक्क्यावर मोजणी ३२ बुशेलच्या (बुशेल हे इथलं मापी माप) पिंजऱ्यांनी होते. हा माल जातो चाउडर नावाच्या दाट सूपमध्ये आणि बारीक केलेल्या डबाबंद मांसात. अख्खा शिंपला सहसा कुणाच्या ताटात येत नाही, त्यामुळे किती जणांना आपण काय खातो आहोत हे ठाऊक असेल कोण जाणे. ऑक्टोबरात त्यांच्या भाच्याच्या बोटीवरून त्यांनी मला सहा जिवंत आणून दिल्या, ओल्या गोणपाटात. तारीख मी त्याच दिवशी प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिली.

मांस मी ओलं खोबरं, कोथिंबीर, मिरची आणि आमसूल घालून केलं, तिसऱ्यांचं करतो तसं. चिवट लागतं आणि वास उग्र. तिसऱ्यांची सर नाही. कापण्याआधीच खाल्लं, वय नंतर कळलं. त्यातल्या सगळ्यात मोठीवर कडेच्या छेदात १२७ रेषा आल्या, तिन्ही मोजण्यांत चारच्या आत. म्हणजे पुण्यात प्लेग होता त्या काळच्या आसपास ती समुद्राच्या तळाशी बसली होती. पुढचे तीन दिवस मला जेवण नीट गेलं नाही. त्यानंतर मी जिवंत मागितल्या नाहीत, पुढेही मागणार नाही. वय कळण्यासाठी प्राणी मरावा लागतो, हे मला माहीत होतं. पण त्याचं वजन या आकड्याने कळलं. उरलेले सगळे नमुने वाटेवरचे आणि किनाऱ्यावर पडलेले.

किनाऱ्यावर मिळतो तो दुसरा क्वाहॉग, मर्सेनारिया. जाड, पांढरा, आतल्या बाजूला जांभळी कड. इथले मूळ रहिवासी त्या जांभळ्या भागाचे मणी करत, आणि वसाहतीच्या काळात ते चलनासारखे वापरले जात. त्यावरूनच शास्त्रीय नाव, लॅटिनमधल्या मोबदल्याच्या शब्दातून आलेलं. करवत नव्याने घेणाऱ्याने सुरुवात याच्यापासून करावी. शिंपला जाड, कड मजबूत, पट्टे रुंद. घासून झाल्यावर ठसा न घेताही पुष्कळदा भिंगाने पट्टे दिसतात. माझा पहिला २६ वर्षांचा निघाला. मात्र एक खबरदारी घ्यायला हवी: या उत्तरेकडे गडद पट्टा हिवाळ्यात पडतो, आणि फ्लोरिडासारख्या गरम पाण्यात त्याच जातीत तो उन्हाळ्याकडे पडतो. वर्षाची खूण कोणत्या ऋतूची, हे ठिकाण बघून ठरवायचं. वादळाने, किंवा कुणी वाळू उपसल्यानेही वाढ थांबते आणि खोटी रेषा पडते. ती बहुतेक वेळा कडेच्या छेदात तुटक असते आणि बिजागरीत सापडत नाही. म्हणून दोन्हीकडे मोजायचं.

करवतीच्या आणखी तीन तक्रारी. वरचं प्लास्टिकचं झाकण इतकं खाली येतं की ठोकळ्यावर बसवलेला मोठा शिंपला त्याला अडतो. आम्हाला ते कापावं लागलं. सगळ्यांनी कापावं असं मी म्हणणार नाही, डोळ्यांवर चष्मा हवाच. मोटर चाळीस मिनिटांनंतर चांगलीच तापते. दोन शिंपले लागोपाठ कापू नका, मध्ये निवू द्या. आणि विकणाऱ्याने पुस्तिका म्हणून एकच कागद दिला होता, त्यात पातं कसं बदलायचं तेच नव्हतं. मी निरोप पाठवला. उत्तर पंधरा दिवसांनी आलं, तोवर मी स्वतःच शोधून काढलं होतं. चांगल्या बाजूने सांगायचं तर आठ महिन्यांत मोटर एकदाही अडली नाही, आवाज मिक्सरपेक्षा कमी आहे, आणि पातळ पातं अजून बदलावं लागलं नाही.

एकूण खर्च असा झाला: करवत २४०, पातं ३८, इपॉक्सी, पेपर, ॲसिटेट आणि ॲसिटोन मिळून साधारण ९०. सरकपट्टी घरची. सूक्ष्मदर्शक माझा जुनाच होता. पाचपैकी गुण द्यायचे तर जशी आली तशीला दोन, पातं आणि धरणी बदलल्यावर चार. दगडांसाठी घेणाऱ्यांनी माझे गुण धरू नयेत, त्यांचं काम वेगळं.

भारतात नेण्याचं काहींच्या मनात येईल. हिची मोटर ११० व्होल्टची आहे, तशीच आपल्याकडच्या प्लगला लावली तर जळेल. मी ती इथेच ठेवणार आहे. पातं, ॲसिटेटचे तक्ते आणि धरणीचं माप मात्र सामानात घेतलं आहे. जूनमध्ये घरी पोचले की रत्नागिरीत खडे कापणारा कुणी भेटतो का पाहीन. मला तिसऱ्या कापायच्या आहेत. त्या दोन-तीन वर्षंच जगतात, त्यामुळे मोजायला फारसं काही नाही. पण पावसाळ्यात खाडीचं पाणी गोडं झालं की त्यांच्या शिंपल्यात काही खूण पडते का, ते मला बघायचं आहे. नातीने तिच्या वहीत त्यासाठी एक पान आधीच आखून ठेवलं आहे: गाव, खाडी, तारीख, दात, कड.